क्षमेचा अभ्यास

ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ म्हटला म्हणजे आपल्याकडील बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढे वसईतील अथवा गोव्यातील एखाद्या चर्चमधला राखेचा बुधवार, कपाळावर रेखलेला राखेचा क्रूस, मांसाहाराचा त्याग, शुक्रवारी भक्तिभावाने चालली जाणारी क्रुसाची वाट आणि अखेरीस ईस्टरचा आनंदसोहळा अशी चित्रमालिका उभी राहते. आणि हे चित्र खोटे आहे असे कोणीही म्हणणार नाही. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात, त्यांतून उपवासास वर्ज्य असे ६ रविवार वगळले की ४० उरतात, आणि ख्रिस्ताने अरण्यात केलेल्या ४० दिवसांच्या उपवासाशी या काळाचा मेळ बसतो. परंतु अन्नाच्या या नियमांच्या आड उपवासकाळाचे एक दुसरे कार्य प्राचीन काळापासून चालत आलेले आहे, आणि त्याकडे बाहेरच्याचे तर सोडाच, आतल्या माणसाचेही लक्ष पुष्कळदा जात नाही. ते कार्य म्हणजे एकाच समाजात, एकाच छपराखाली उपासनेस बसणाऱ्या माणसांनी परस्परांना क्षमा करण्याचा अभ्यास. गवई जसा मैफल असो वा नसो पहाटे उठून षड्ज लावतो, तशी ही क्षमा प्रसंग येण्यापूर्वीच घटवून ठेवावी लागते, अशी या परंपरेची धारणा आहे. आणि म्हणूनच तिने ही गोष्ट मनाच्या लहरीवर न सोडता तिला वार, तिथी, जागा आणि रीत नेमून दिली.

या धारणेचे मूळ मत्तयाच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायात सापडते. तेथे अपराध करणाऱ्या भावाशी कसे वागावे याची कार्यपद्धतीच दिली आहे: प्रथम त्याला एकांतात भेटावे, ऐकले नाही तर एकदोघे साक्षीदार न्यावे, तरीही न ऐकल्यास प्रकरण मंडळीपुढे ठेवावे. त्याच अध्यायात राजाचे १०,००० टॅलेंट देणे लागणाऱ्या, पण स्वतःच्या सोबत्याकडून १०० दिनार वसूल करण्यासाठी त्याचा गळा धरणाऱ्या सेवकाचा दृष्टान्त येतो. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि टॅलेंट म्हणजे सुमारे ६,००० दिनार. म्हणजे त्या सेवकाला जे माफ झाले ते ६ कोटी दिवसांच्या मजुरीएवढे होते आणि त्याला जे माफ करवेना ते अवघ्या १०० दिवसांचे. दृष्टान्ताचा हा हिशेब लक्षात ठेवला की पुढच्या पिढ्यांनी या विषयात इतकी दप्तरी काटेकोरी का दाखवली, हे समजू लागते.

उपवास आणि क्षमा यांची सांगड घालण्याची गरज का भासली, हे ज्याला जाणून घ्यावयाचे असेल त्याने इ. स. ४२५ च्या सुमारास मार्सेय येथे योहान कॅशियन याने लिहिलेली इजिप्तच्या तपस्व्यांची संभाषणे पाहावी. त्यांतील सोळावे संभाषण मैत्रीविषयी आहे, आणि त्यात मठात राहणाऱ्या माणसांच्या रुसव्याफुगव्यांची जी चिकित्सा आहे ती वाचताना हा गृहस्थ आपल्याच एखाद्या वाड्यातील एकत्र कुटुंबात राहून गेला असावा असा भास होतो. भावाने डिवचले असता तोंडातून शब्द न काढता त्याला मौनानेच भाजून काढणारा, आणि वर आपण किती शांत राहिलो याचा अभिमान बाळगणारा संन्यासी त्यात आहे. राग आला म्हणून ताटावर न बसणारा, आणि एरवी ज्याला दुपारपर्यंत भूक आवरत नाही पण क्रोधाच्या बळावर जो दोन दोन दिवस सहज उपाशी राहतो, असाही एक त्यात आहे. कॅशियनच्या मते असा उपवास देवाला अर्पण होत नाही. तो क्रोधाला दिलेला नैवेद्य होय. अबोला धरून केलेल्या उपवासाने शरीर रोडावते आणि अहंकार मात्र पुष्ट होतो, हे ज्यांनी ओळखले त्यांनी उपवासाच्या आधी समेट ही अट घातली, यात नवल नाही.

ही अट व्यवहारात कशी आणावयाची, याचे सर्वांत जुने आणि माझ्या मते सर्वांत शहाणपणाचे वर्णन तिसऱ्या शतकात सीरिया प्रांतात रचल्या गेलेल्या ‘दिदास्कालिया’ या ग्रंथात आहे. हा ग्रंथ मूळ ग्रीक भाषेतला, पण संपूर्ण स्वरूपात तो सिरियाक भाषांतरातच टिकून राहिला. मंडळीतील दोघांचा तंटा झाला असता तो सरकारी न्यायाधीशाकडे न नेता बिशपाने, वडीलधाऱ्या धर्माधिकाऱ्यांना आणि डीकन नावाच्या सेवकांना बरोबर घेऊन, ऐकावा असे त्यात सांगितले आहे. आणि ही कचेरी सोमवारी भरवावी, असा स्पष्ट निर्देश आहे. कारण असे की, सोमवारच्या निवाड्यावर कोणाचा आक्षेप निघाला तर शनिवारपर्यंत मुदत मिळते, आणि रविवारी प्रभुभोजनाला बसताना वादी आणि प्रतिवादी दोघेही सलोख्याने एकत्र येऊ शकतात. एकाच पक्षाचे ऐकून निवाडा देऊ नये, फिर्याद करणाराचे पूर्वचरित्रही पाहावे, त्याने याआधी कोणावर खोटे आळ घेतले आहेत काय याची चौकशी करावी, अशा सूचनाही त्यात आहेत. शिवाय रविवारी उपासना ऐन रंगात आली असता डीकनाने मोठ्या आवाजात विचारावे, की कोणाच्या मनात कोणाविषयी काही किल्मिष उरले आहे काय. सोमवारी पुरावा आणि रविवारी पुकारा, अशी ही दुहेरी योजना आहे. क्षमा म्हणजे चौकशीला फाटा देणे, असा जो समज आज धार्मिक वर्तुळांतही बोकाळलेला आढळतो, त्याला या ग्रंथात यत्किंचितही आधार नाही.

पुढे इ. स. ३२५ मध्ये निकाया येथे भरलेल्या महासभेने हेच तत्त्व वरच्या पातळीवर नेले. त्या सभेचा पाचवा नियम बहिष्कृतांच्या अपिलाविषयी आहे. एखाद्या बिशपाने कोणास मंडळीबाहेर टाकले असेल, तर ते केवळ क्षुद्र मनाने, भांडखोरपणाने किंवा वैयक्तिक आकसाने तर टाकले नाही ना, याची फेरतपासणी प्रांतातील सर्व बिशपांनी वर्षातून दोनदा एकत्र जमून करावी. आणि यांतील एक बैठक चाळीस दिवसांच्या काळापूर्वी व्हावी, म्हणजे सारी कटुता बाजूस सारून देवाला निर्मळ अर्पण करता येईल, असे तो नियम सांगतो. उपवासकाळाचे नाव अधिकृत दप्तरात ज्या अगदी आरंभीच्या नोंदींतून आढळते त्यांपैकी ही एक, आणि तीत उपवासाच्या पदार्थांचा उल्लेखही नाही. आहे तो अधिकाऱ्यांच्या आकसाचा!

नियम झाले, पण एका अख्ख्या शहराला क्षमेचा अभ्यास करावा लागला, अशी कथा पाहावयाची असेल तर त्याच सीरियाच्या राजधानीत, म्हणजे अंत्युखियात, इ. स. ३८७ साली जावे लागते. उपवासकाळ तोंडावर आला होता. सम्राट थिओडोसियस याने बसवलेल्या नव्या कराचे फर्मान शहरात वाचून दाखवले गेले आणि लोक खवळले. जमावाने सम्राटाच्या आणि त्याची दिवंगत सम्राज्ञी फ्लासिला हिच्या पुतळ्यांना दोर बांधून ते खाली ओढले व रस्त्यांतून फरफटत नेले. सम्राटाच्या पुतळ्याचा अपमान म्हणजे प्रत्यक्ष सम्राटाचा अपमान, आणि त्याची सजा मृत्यू. तेव्हा काही घटकांतच जोश ओसरला आणि त्याची जागा भयाने घेतली. पुष्कळांना तत्काळ देहान्त शासन झाले. धनिक आपापले सामान बांधून डोंगरांकडे पळाले. पुढे कॉन्स्टंटिनोपलहून दोन बडे अंमलदार, सीझेरियस आणि हेलेबिकस, चौकशीसाठी आले. शहराचा राजधानीचा दर्जा काढून घेतला गेला, स्नानगृहे आणि नाट्यगृहे बंद झाली, नगरसभेचे सभासद बेड्या घालून तुरुंगात टाकले गेले, आणि अंतिम हुकूम काय येतो याची वाट पाहत लाखो लोकांची वस्ती जीव मुठीत धरून बसली.

या शहराचा बिशप फ्लाव्हियन म्हातारा होता आणि त्याची बहीण मरणशय्येवर होती. तशा स्थितीत, हिवाळा पुरता सरलेला नसताना, तो सम्राटाची मनधरणी करण्यास निघाला, आणि मागे व्यासपीठ सांभाळण्याचे काम वर्षभरापूर्वीच दीक्षित झालेल्या योहान नावाच्या धर्मगुरूवर पडले. हाच पुढे ‘सुवर्णमुख’ अशा अर्थाच्या ख्रिसोस्तम या उपाधीने प्रख्यात झाला. त्या उपवासकाळात त्याने जी प्रवचने केली त्यांपैकी २१ ‘पुतळ्यांविषयीची प्रवचने’ या नावाने परंपरेने एकत्र जपली गेली आहेत. भेदरलेल्या श्रोत्यांपुढे बोलताना साधारण उपदेशकाने केवळ धीर दिला असता, अथवा सम्राटाच्या नावाने बोटे मोडली असती. योहानाने धीर तर दिलाच. पण त्याबरोबर त्याने लोकांना एक अगदी मर्यादित, रोजच्या आचरणातील अभ्यासक्रमही आखून दिला. कोणाविषयी वाईट बोलावयाचे नाही, कोणालाही शत्रू मानावयाचे नाही, आणि बोलताबोलता शपथा वाहण्याची खोड तोंडातून समूळ काढावयाची, अशी त्याची तीन कलमे होती. मांस सोडून भावाच्या अब्रूचे लचके तोडणाऱ्याचा उपवास फुकट होय, असे तो बजावीत असे. तोंडाने उपास करावयाचा तर जिभेनेही करावा, डोळ्यांनी करावा, कानांनीही करावा, आणि कानांचा उपास म्हणजे चहाडी न ऐकणे, अशी त्याची मांडणी होती. वाचकास कंटाळा यावा इतक्या वेळा तो शपथांच्या खोडीकडे वळतो, आणि आधुनिक अभ्यासकांनी त्याला त्याबद्दल नावेही ठेवली आहेत. मला मात्र त्यात शिक्षकाची हातोटी दिसते: ज्याला मोठा शत्रू क्षमेने जिंकावयाचा आहे त्याने आधी जिभेवरचा एक शब्द जिंकून दाखवावा, असा हा क्रम आहे.

दिवस लोटले, ईस्टर जवळ आले, तेव्हा विसाव्या प्रवचनात त्याने मुख्य विषयालाच हात घातला. ४० दिवस संपत आले. आता ज्याच्या मनात कोणाविषयी वैर आहे त्याने प्रभुभोजनाच्या मेजाजवळ पाऊल टाकू नये, असे त्याने सर्वांच्या कानी पडेल अशा आवाजात जाहीर केले. युक्तिवाद सरळ होता. तुमचा सम्राट तुम्हांस क्षमा करील काय, या एका प्रश्नाने तुम्ही रात्र-रात्र जागता. मग तुमचे देणे लागणारा एखादा शेजारी तुमच्याविषयी तोच प्रश्न विचारीत जागत असेल, त्याचे काय? भयाने क्षमा मागणाऱ्या शहराला क्षमा देण्याची सवय लावण्याचा हा प्रयत्न होता, आणि त्यासाठी त्या वर्षीच्या उपवासकाळाइतका अनुकूल मुहूर्त पुन्हा येणे नव्हते.

तिकडे दरबारात फ्लाव्हियनने केलेली रदबदली योहानाने अखेरच्या प्रवचनात सविस्तर सांगितली आहे. त्याने सम्राटाला कॉन्स्टंटाइनची गोष्ट ऐकवली: कोणी तरी दगड मारून त्याच्या पुतळ्याचे तोंड फोडले, म्हणून दरबारी लोक सूड घ्या म्हणून आग्रह करू लागले, तेव्हा त्या बादशहाने आपल्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि हसून म्हटले, की मला तर कोठे जखम लागत नाही. पुतळे पुन्हा ओतता येतात, मेलेली माणसे नव्हेत, हाही मुद्दा त्याने मांडला. थिओडोसियस विरघळला, सर्व शहराला माफी मिळाली. वृद्ध बिशपाने आनंदाची वार्ता पुढे जासुदांकरवी धाडली आणि स्वतः ईस्टरपूर्वी परतला. बाजारपेठेला हारतुरे लागले, दिवे उजळले. येथे हेही सांगितले पाहिजे, की शहराची वकिली करण्यात ख्रिस्ती नसलेला वक्ता लिबानियस हाही मागे नव्हता. त्याची या विषयावरील भाषणे उपलब्ध आहेत. परंपरेप्रमाणे तोच योहानाचा वक्तृत्वगुरू.

गोष्ट येथे संपवली तर ती गोड होईल, पण खरी राहणार नाही. याच थिओडोसियसने तीनच वर्षांनी, इ. स. ३९० मध्ये, आपला एक सेनाधिकारी दंग्यात मारला गेला म्हणून थेस्सलनीका येथील लोकांची कत्तल करविली. पाचव्या शतकातील इतिहासकार थिओडोरेट मृतांची संख्या ७,००० सांगतो. मिलानचा बिशप अँब्रोज याने सम्राटाला, जाहीर प्रायश्चित्त केल्याविना प्रभुभोजन देण्याचे नाकारले, आणि राजवस्त्रे उतरवून लोकांसमक्ष पश्चात्ताप केल्यानंतरच त्याचा मंडळीत पुनःप्रवेश झाला. अंत्युखियात क्षमेने इतिहासात नाव मिळवणारा मनुष्य थेस्सलनीकेत क्रोधाने आंधळा झाला. एका ईस्टरला साधलेली गोष्ट पुढच्या ईस्टरला पुन्हा साधावी लागते, म्हणूनच चर्चने उपवासकाळ वर्षातून एकदा येईल असा ठेवला.

पश्चिमेकडील मंडळीत या अभ्यासाला पुढे निराळे वळण लागले. प्रारंभीच्या शतकांत घोर पाप करणाऱ्याचे प्रायश्चित्त उघड असे; तो उपासनेच्या वेळी वेगळा बसे, आणि रोममध्ये ईस्टरपूर्वीच्या गुरुवारी त्याला पुन्हा मंडळीत घेतले जाई, हे पहिल्या इनोसंट पोपच्या इ. स. ४१६ च्या पत्रावरून कळते. कालान्तराने उघड प्रायश्चित्ताची जागा धर्मगुरूच्या कानात सांगण्याच्या खासगी पापनिवेदनाने घेतली, आणि १२१५ च्या चौथ्या लॅटरन महासभेने ते प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती माणसास वर्षातून किमान एकदा बंधनकारक केले. गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात ते हेच. त्याचे आध्यात्मिक मोल मी कमी लेखत नाही. परंतु ज्याचा अपराध झाला तो शेजारी त्या लाकडी जाळीच्या आसपास कोठेच नसतो, ही त्यातील उणीव झाकली जाण्यासारखी नाही. १९७३ मध्ये रोमने प्रायश्चित्त संस्काराचा जो सुधारलेला विधी प्रसिद्ध केला, त्यात सामुदायिक पश्चात्ताप-उपासनेला मुद्दाम स्थान दिले, ते या जाणिवेनेच असावे. मठांनी मात्र जुना धागा सोडला नव्हता. सहाव्या शतकातील बेनेडिक्टच्या नियमावलीत सकाळच्या व संध्याकाळच्या उपासनेच्या शेवटी मठाधिपतीने प्रभूची प्रार्थना सर्वांना ऐकू जाईल अशी मोठ्याने म्हणावी, असे सांगून त्याचे कारणही दिले आहे: एकत्र राहणाऱ्या माणसांत कलहाचे काटे उगवतातच, तेव्हा आपल्या अपराधांची क्षमा मागताना आपणही क्षमा करण्याचे वचन देत आहो, हे प्रत्येकाच्या कानी दिवसातून दोनदा पडले पाहिजे.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळींनी तर या अभ्यासाला देहाची हालचालच जोडली. त्यांचा उपवासकाळ सोमवारी सुरू होतो, आणि आदल्या दिवसाला क्षमेचा रविवार म्हणतात. त्या संध्याकाळच्या उपासनेत मध्येच धर्मगुरूची वस्त्रे आणि वेदीवरची आच्छादने बदलून गडद रंगाची होतात, गायनाची चाल पालटते, आणि शेवटी धर्मगुरू सर्वांपुढे वाकून क्षमा मागतो. मग एकेक जण पुढे येतो, धर्मगुरूशी आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येकाशी समोरासमोर वाकतो, मला क्षमा कर असे म्हणतो, देव क्षमा करो असे उत्तर ऐकतो, आणि रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहतो. अशी ती रांग वाढत वाढत चर्चच्या भिंतींना वळसा घालते, आणि जमलेल्यांपैकी कोणीही कोणाला चुकवू शकत नाही. ज्याच्याशी वर्षभर नजर मिळवली नाही तोही क्रमाने समोर येतोच. ही प्रथा पॅलेस्टाइनच्या तपस्व्यांकडून आली असे मानतात. इजिप्तच्या मरियेच्या प्राचीन चरित्रात यार्देन नदीकाठच्या एका मठाचे वर्णन आहे. तेथील साधू उपवासकाळाच्या आरंभी परस्परांना वंदन करून नदीपार अरण्यात एकेकटे निघून जात आणि झावळ्यांच्या रविवारी परतत. परतणे निश्चित नसे, म्हणून जाताना बाकी ठेवावयाची नसे. या विधीवर कोणी असा आक्षेप घेतो, की ज्याचा मी काहीच अपराध केला नाही त्याची क्षमा मागणे हे नाटक होय. पण खऱ्या अपराधाच्या वेळी मान वाकवणे ज्यांना जमत नाही त्यांची अडचण बहुधा मनाची नसून मानेचीच असते, आणि मानेला सवय हवी असेल तर ती अशा निरुपद्रवी प्रसंगीच लागावयाची.

अंत्युखियाची परंपरा भारतातही आली. केरळातील सेंट थॉमस ख्रिस्त्यांपैकी एका शाखेचा १६६५ पासून अंत्युखियाच्या सिरियन मंडळीशी संबंध जुळला आणि त्या मंडळीचे उपासनाविधी तेथे हळूहळू रूढ झाले. त्यांच्या पन्नास दिवसांच्या महाउपवासाच्या पहिल्या सोमवारी ‘शुब्कोनो’ नावाचा क्षमाविधी होतो: गुडघे टेकून प्रार्थना, धर्मगुरूने लोकांपुढे नमून मागितलेली क्षमा, आणि मग सर्वांनी एकमेकांच्या हातांत जोडलेले हात देऊन केलेला शांतीचा स्वीकार. मुंबई-पुण्यात नोकरीधंद्यानिमित्त स्थायिक झालेल्या मल्याळी कुटुंबांच्या मंडळ्यांतूनही हा विधी चालतो. आपल्या शेजारच्या बिऱ्हाडातील माणसे त्या सोमवारी कामावर जाण्याच्या गडबडीत चर्चला का जाऊन येतात, याचे उत्तर पुष्कळ मराठी शेजाऱ्यांना ठाऊक नसेल.

या सर्व रीतींचा दुरुपयोग होऊ शकत नाही काय? होतो. अधिकाराच्या जागी बसलेल्या माणसाने केलेल्या अन्यायाची तक्रार घेऊन आलेल्या दुबळ्यास, विशेषतः स्त्रियांना व मुलांना, ‘उपवासकाळ आहे, क्षमा कर’ असे सांगून गप्प बसवणे हे अनेक देशांतील ख्रिस्ती संस्थांच्या इतिहासातले काळे पान आहे. दिदास्कालियातील सोमवारची कचेरी वगळून केवळ रविवारचा पुकारा ठेवला की असे होते. क्षमा हा ज्याची हानी झाली त्याचा अधिकार आहे. तो त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी वापरावयाचा नाही, आणि त्यासाठी मुदतही दुसऱ्याने घालावयाची नाही.

मुदतीचा प्रश्न मनात असताना मला नेहमी सिस्टर राणी मरिया यांचे प्रकरण आठवते. केरळातील पुल्लुवळी गावच्या या संन्यासिनी मध्य प्रदेशात भूमिहीन व कर्जबाजारी शेतकऱ्यांना सावकारांच्या पाशातून सोडवण्याचे काम करीत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी, उदयनगरहून इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये, भर प्रवाशांसमक्ष त्यांचा भोसकून खून झाला. तो शनिवार होता. त्यांच्या घराण्याच्या सिरियन परंपरेप्रमाणे त्या वर्षीचा उपवासकाळ त्याच्या पुढच्याच सोमवारी लागत होता. मारेकऱ्यास जन्मठेप झाली. स्वामी सदानंद या नावाने संन्याशाच्या वेषात राहणारे एक कॅथलिक धर्मगुरू तुरुंगात त्याला भेटत राहिले. राणी मरिया यांच्या धाकट्या भगिनी, सिस्टर सेल्मी पॉल, याही त्यांच्याच धर्मसंघातील संन्यासिनी. त्या त्याला भेटण्यास गेल्या आणि त्यांनी त्याच्या हाताला राखी बांधली ते साल होते २००२. मधली सात वर्षे आणि आठ उपवासकाळ गेले होते. पुढे वृद्ध आईनेही त्याचे हात हातात घेतले. त्याला शिक्षेत सूट मिळून त्याची सुटका व्हावी, असे म्हणणे सरकारदरबारी कुटुंबाने आणि संघाने सह्यांनिशी दाखल केले, आणि २००६ मध्ये तो सुटला.